हातभर अंतर

एतेल्काने मासा शेपटीला धरून उचलला, कोपराने तळमजल्यावरची खिडकी ढकलली आणि तो सरळ रस्त्यावर भिरकावला. बाहेर बुडापेस्टच्या डिसेंबरचा चिखल होता. मासा फुटपाथवरून घसरत गेला आणि रखवालदारणीच्या मांजरीपुढे जाऊन थांबला. मांजरीने तो हुंगला, एकदा वर खिडकीकडे पाहिलं आणि कुणी तिच्या खानदानाचा अपमान केल्यासारखी शेपटी उभारून निघून गेली.

“बघितलंस?” एतेल्का म्हणाली. “मांजर आहे, पण तिलाही इज्जत आहे.”

दारात तिचा धाकटा भाऊ वेंडेल हातात टोपी घेऊन उभा होता. अंगावर शहरबसच्या ड्रायव्हरचा निळा कोट, दुसऱ्या हातात राजम्याच्या सूपचा डबा. दर शुक्रवारी तो बोश्न्याक चौकातल्या बाजारातून तिच्यासाठी कार्प मासा आणायचा, आणि दर शुक्रवारी मासा असाच निघायचा. डोळे गढूळ, पोट मऊ, वास जिन्यापर्यंत.

“वाटेत मेला असेल,” वेंडेल म्हणाला.

“हा मेला तेव्हा तू तरुण होतास.”

मग तिने मासेवाल्या दोमोकोशचा उद्धार सुरू केला. त्याच्या टाकीत जिवंत मासे उड्या मारत असतात हे साऱ्या शहराला ठाऊक आहे, मग मेलेला तेवढा आपल्याच वाट्याला का? कारण मासा खाणारी बाई बाजारात येऊ शकत नाही, हे त्या लुच्च्याला माहीत आहे. गिऱ्हाइकाचं तोंड दिसत नसलं की माणूस वाटेल ते खपवतो. एतेल्काचा आवाज असा होता की ती तापली की समोरच्या छपरावरची कबुतरं उठून पलीकडच्या वस्तीत जाऊन बसत. काहींनी तर तिकडेच कायमची घरं केली होती.

“एकदा,” ती म्हणाली, “एकदाच मला त्याच्यासमोर उभी...” आणि तिने गुडघ्यावरचं पांघरूण ओढून सारखं केलं. पांघरुणाखाली गुडघा एकच होता. “एकदा मला त्याच्यासमोर जाऊ दे.”

वेंडेलने सूप गॅसवर ठेवलं. ओरडून ओरडून दमल्यावर एतेल्काने दोन वाट्या संपवल्या, तिसरीच्या वेळी मीठ कमी म्हणून भांडली, आणि तीही संपवली.

तिचा डावा पाय साखरेच्या आजाराने नेला होता. त्याआधी ती शहराबाहेरच्या बसच्या कारखान्यात होती, शिवणखात्यात. जोडबसच्या दोन डब्यांमध्ये हार्मोनियमच्या भात्यासारखी घड्या घड्यांची भिंत असते. तिचं रबरी कापड एतेल्काच्या हाताखालून जायचं. तिने शिवलेले भाते वाळवंटात गेले, बर्फात गेले, समुद्रापलीकडच्या बेटांवर गेले. एका गावात म्हणे बस मोडली तरी भाता मोडेना, तेव्हा लोकांनी तो काढून त्यात लग्नाचा मांडव घातला. हे एतेल्काच सांगायची, तेव्हा खरंच असणार. आणि आता तिच्या खिडकीसमोरच थांबा होता, दर थोड्या वेळाने तिथे तिचा एखादा भाता येऊन वाकायचा, सरळ व्हायचा, निघून जायचा. पण बसच्या दारात तीन उंच पायऱ्या. भात्याला सारं जग फिरता येत होतं, शिवणारीला बोश्न्याक चौक गाठता येत नव्हता. चाकांच्या खुर्चीनेच जावं तर फुटपाथ जागोजागी उखडलेले.

एकदाच तिने प्रयत्न केला होता. चार भल्या माणसांनी तिला खुर्चीसकट उचललं. कपाट जिन्यातून नेतात तसं, “तुझ्याकडून जरा वर”, “अहो वळवा, वळवा” करत. त्यातला एक म्हणाला, पायांकडून धरा, आणि मग तोच लाजून गप्प झाला. आत ठेवल्यावर चौघांना इतकं पुण्य केल्यासारखं वाटलं, की पुढच्याच थांब्यावर त्यांनी तिला मोठ्या उत्साहाने खाली उतरवून ठेवलं. तिला अजून बरंच पुढे जायचं होतं. बस गेली. टोप्या हलवत ते चौघेही गेले. त्या दिवशी ती घरी कशी आली हे तिने कुणाला सांगितलं नाही, पण त्यानंतर तिने एक गोष्ट ठरवली. मला कुणी उचलायचं नाही.

सूप संपल्यावर वेंडेलने बातमी सांगितली. सोमवारपासून आठवडाभर या मार्गावर एक नवी जोडबस धावणार होती, चाचणीसाठी. तिला पायऱ्याच नाहीत. इंजिन पार शेपटीला नेऊन ठेवलंय, त्यामुळे पुढचा तळ खाली उतरवता आला. थांब्यावर आली की दाराच्या बाजूला गुडघा टेकते, आणि तळ फुटपाथच्या बरोबरीला येतो. आणि ती चालवायला आगारातून वेंडेलला निवडलं होतं.

एतेल्काने चमचा खाली ठेवला.

“गुडघा टेकते?”

“टेकते.”

“मग सोमवारी मी बाजारात जाणार,” ती म्हणाली. “दोमोकोशला सांगू नकोस.”

वेंडेलला का निवडलं, हे आगारातल्या कुणालाही विचारा. दरवर्षी मिकुलाशच्या सणाला आगाराचा फोरमन पांढरा रुमाल घेऊन प्रत्येक बसपाशी जायचा आणि फुटपाथकडच्या टायरच्या कुशीवरून तो रुमाल फिरवायचा. कडेच्या दगडाला घासलेला टायर म्हणजे नवशिक्याचा टायर. ज्याचा रुमाल सर्वांत स्वच्छ, त्याला पालिंकाची, म्हणजे फळांच्या कडक दारूची, बाटली आणि कँटीनच्या भिंतीवर फोटो. त्या भिंतीवर वेंडेलचेच फोटो होते, केस काळे असल्यापासून पांढरे होईपर्यंत. असं म्हणत की त्याच्या टायरला पुसून फोरमन आपला रुमाल धुऊन घ्यायचा. हे साधतं कसं, तर प्रत्येक थांब्यावर फुटपाथपासून बरोबर हातभर लांब थांबून. जुन्या बसला पायऱ्या होत्या, लोक चिखलात एक पाऊल टाकून चढत. कुणाची तक्रार नव्हती. कुणाच्या ध्यानातही ते आलं नव्हतं.

सोमवारी एतेल्का ठेवणीतली टोपी घालून थांब्यावर हजर होती. मांडीवर माशासाठी रिकामी पिशवी, पिशवीत छत्री, आणि डोक्यात दोमोकोशसाठी तयार केलेलं भाषण.

बस आली. लांबच लांब, बुटकी, मोठाल्या काचांची. जुने ड्रायव्हर म्हणत होते की मागून ढकलली जाणारी ही गाडी एखाद्या दिवशी खिशातल्या चाकूसारखी मिटेल, म्हणून वेंडेल ती अंडी भरलेल्या टोपलीसारखी आणत होता. एतेल्काची नजर आधी भात्यावर गेली. टाके लांब पडलेत, तिच्या मनात आलं, आमच्या खात्यात हे उसवून परत शिवायला लावलं असतं.

बसने सुस्कारा टाकला. एक बाजू खाली टेकली. मधलं दार उघडलं. आतली जमीन खरोखर फुटपाथच्या बरोबरीला होती, आणि तिच्या आणि फुटपाथच्या मध्ये काळ्या चिखलाने भरलेलं, स्वच्छ, सरळ, हातभर अंतर होतं.

खुर्चीची पुढची चाकं दगडाच्या कडेपर्यंत गेली आणि थांबली.

आतून एक जण पुढे आला. बाहेरून दोघे. एतेल्काने छत्री काढली. हात लावणाऱ्याची बोटं मोजून परत मिळणार नाहीत, असं तिने त्यांना शांतपणे कळवलं. वेंडेलने आपली लहान खिडकी सरकवली.

“एता, घेऊ दे ना उचलून. क्षणाचं काम आहे.”

“उचलूनच जायचं होतं तर जुनी बस काय वाईट होती?”

“अगं, लोक थांबलेत.”

“मी आठ वर्षं थांबलेय.”

दार मिटलं. बस गुडघ्यावरून उठली आणि गेली.

मंगळवारी पुन्हा तेच. बुधवारी तिने टोपी घातली नाही. चाचणी पाहायला वेंडेलच्या मागे उभ्या राहणाऱ्या करड्या कोटातल्या इंजिनियरने त्याला दोनदा सांगितलं की गाडी दगडाला लागून घ्या. वेंडेल “हो” म्हणाला. त्याला घ्यायचीच होती. थांब्याच्या आधी तो मनाशी ठरवायचा, दात आवळायचा, आणि शेवटच्या क्षणी हात आपोआप स्टिअरिंग किंचित फिरवायचे. मधलं दार दगडाला लावायचं तर पुढचं चाक दगडाला घासावंच लागतं, त्याशिवाय एवढं लांब धूड कडेला सरळ लागत नाही. आणि ते हात आयुष्यात दुसरं काही शिकलेच नव्हते. गुरुवारी एतेल्का आधी त्याच्याशी एक शब्दही बोलली नाही. छत्रीच्या टोकाने तिने ते अंतर त्याला दाखवलं, बाजारात सडका बटाटा दाखवतात तसं.

“हे टायर तुझ्या छातीवर ठेवून पुरतील तुला,” एवढंच शेवटी ती म्हणाली. “फोटोसकट.”

वेंडेलचाही ताबा सुटला. तिला काय कळतंय, असं तो खिडकीतून ओरडला. ती नुसती कापड शिवायची, गाडी काय असते ते चालवणाऱ्याला विचारावं. थांब्यावरची माणसं आपापल्या बुटांकडे पाहू लागली.

“मी शिवलेलं कापड वाकायचं,” एतेल्का म्हणाली. “तू बघ जमतंय का.”

शुक्रवारी संध्याकाळी तो मासा आणि सूपचा डबा घेऊन आला. दारातूनच, टोपीशी खेळत, त्याने इंजिनियरचं बोलणं सांगितलं. उद्या चाचणीचा शेवटचा दिवस. गाडी चांगली आहे, लोक खूश आहेत, पण महाग आहे. आणि पायऱ्या काढल्या त्या ज्यांच्यासाठी, त्यांच्यातलं तर आठवडाभरात एकही माणूस चढलं नाही. म्हणजे तशी गरज दिसत नाही. गाडी घ्यायची की नाही हे ठरवणाऱ्या समितीला तसंच सांगावं लागेल.

वेंडेलने हे सांगून टाकलं आणि अंग चोरून वाट पाहत राहिला. मासा टेबलावर होता. खिडकी हाताशी होती.

एतेल्का माशाकडे पाहत होती.

“ठेव तिथे,” ती म्हणाली.

“शिळा आहे बघ,” वेंडेल म्हणाला. “डोळे बघ त्याचे. दोमोकोशने पुन्हा फसवलं.”

“असू दे.”

“वाससुद्धा येतोय.”

खुर्चीचं एक चाक पुढे, एक मागे करून तिने ती सावकाश वळवली आणि भिंतीकडे तोंड केलं. वेंडेलने सूप गरम केलं, वाटी तिच्या शेजारी ठेवली, तिथल्या तिथे दोनदा हलवली. मुद्दाम म्हणाला की आज मिठाचा खडा जास्तच पडलाय. भिंत काही बोलली नाही. सूपावर साय धरली. वाटी धुऊन जाताना त्याने दार इतकं हळू ओढून घेतलं की रखवालदारणीला वाटलं, घरात कुणी आजारी आहे.

शनिवारी सकाळी पहिल्या फेरीला थांब्यावर एतेल्का नव्हती. दुसऱ्या फेरीला वेंडेलने भोंगा वाजवला. खिडकीचा पडदा हलला नाही. इंजिनियरने विचारलं, ओळखीचं कोणी आहे का? वेंडेलने मान हलवली. ती हो की नाही, ते कळलं नाही.

तिसऱ्या फेरीला तिच्या खिडकीखालच्या तोकोली रस्त्यावर एक आवाज झाला.

रबर दगडाला लांबवर घासत गेलं की जो आवाज येतो, तो बाकीच्यांसाठी नुसता कर्कश असतो. ज्यांच्या घरात बस शिजते आणि बसच वाढली जाते, त्यांच्यासाठी तो आपल्याच दातांवर कानस फिरवल्यासारखा असतो. आवाज थांबला नाही. चीत्कारत, कण्हत, दगडाचा भुगा पाडत तो थांब्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. तिकडे आगारात फोरमनच्या हातातला कप त्या क्षणी तडकला, असं आजही सांगतात.

पडदा बाजूला झाला.

बस फुटपाथला चिकटून उभी होती. गुडघा टेकलेला, मधलं दार सताड उघडं. वेंडेल समोर पाहत होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर, कान लाल. त्याने खिडकीकडे पाहिलं नाही आणि गाडीही हलवली नाही. प्रवासी कुरकुरू लागले. एका बाईने विचारलं, आपण इथे नाताळ साजरा करणार आहोत का? मागे दुसरी बस येऊन थांबली, तिच्या मागे तिसरी. इंजिनियर घड्याळ पाहू लागला. वेंडेलने त्याला फक्त एवढंच सांगितलं की एक प्रवासी यायचा आहे.

एतेल्काने घाई केली नाही. तिने केस विंचरले, टोपी घातली, कोटाची सगळी बटणं लावली, आणि प्रत्येक बटणाला वेंडेलला एकेक शिवी दिली. उंबऱ्यावर फळी टाकली. फाटकातून बाहेर आली तेव्हा बसेसची रांग पूर्वेच्या रेल्वे स्टेशनापर्यंत पोहोचली होती आणि म्हणे एक आगगाडीही तिच्यात चुकून उभी राहिली होती.

दारापाशी ती थांबली. खाली वाकून दगड आणि गाडी यांच्यामध्ये तिने पाहिलं.

“अंगठाभर राहिलंय,” ती म्हणाली.

“चढ आधी,” वेंडेल समोर बघतच म्हणाला.

तिने चाकांना एक जोर दिला. बारीकसा धक्का बसला, आणि एतेल्का आत होती. कुणीतरी मागून खुर्चीला हात लावायला पुढे झालं, पण तिने नुसतं वळून पाहिलं.

इंजिनियरने हसून विचारलं की गाडी कशी वाटली.

“गरज दिसली का?” एतेल्काने विचारलं. “आणि त्या भात्याचे टाके उसवून परत घालायला सांगा.”

बोश्न्याक चौकात तिने बाजारातल्या गर्दीतून खुर्ची अशी नेली की भाजीवाल्यांनी टोपल्या आपणहून उचलल्या. दोमोकोशचं दुकान टाक्यांच्या पाण्याने ओलंचिंब होतं. जाड मिशांचा, रबरी एप्रन घातलेला मोठा माणूस होता तो. पाण्यात कार्प मासे जाडजूड पाठी घासत फिरत होते.

“चोकोलोम, बाई,” त्याने जुन्या रीतीप्रमाणे नमस्कार केला. “काय देऊ?”

“मी वेंडेलची बहीण,” एतेल्का म्हणाली, आणि भाषणाला सुरुवात केली.

आठ वर्षांचं भाषण होतं ते. पलीकडच्या चीजवाल्याने गिऱ्हाइकाला थांबवून ऐकलं. दोमोकोशने सगळं ऐकून घेतलं. मधे फक्त हातातला सुरा खाली ठेवला. ती श्वास घ्यायला थांबली, तेव्हा तोही चिडून लाल झाला होता.

“माझ्या दुकानातून मेलेला मासा?” तो म्हणाला. “बाई, तुमच्या भावाने माझं नाव मातीत घातलंय आणि शिव्या मीच खायच्या? मी त्याला दर वेळी टाकीतला काढून देतो. तो बघतही नाही. सरळ त्या कोपऱ्यातल्या बादलीपाशी जातो. ते मांजरांसाठी असतं. मी हजारदा सांगितलं.”

कोपऱ्यात एक बादली होती.

“कशाला?” एतेल्का म्हणाली.

“मीही तेच विचारलं. आधी चांगलाच न्यायचा. म्हणाला, चांगला मासा नेला की ती दोन घास खाते, छान आहे म्हणते आणि भिंतीकडे तोंड करून पडते. एकदा चुकून मेलेला गेला, तर ती संध्याकाळपर्यंत ओरडली. आणि ओरडल्यावर तिला भूक लागली.” दोमोकोशने सुरा पुन्हा उचलला, पुसला. “ते काही का असेना, माझ्या दुकानाचं नाव गेलं त्याचं काय?”

एतेल्का टाकीकडे पाहत होती. एक कार्प वर आला, तोंड उघडून पाण्याबाहेरची हवा चाखली आणि पुन्हा खाली गेला. तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

“तो बघू,” ती शेवटी म्हणाली. “सगळ्यात जाड.”

दोमोकोशने मिशीवरून हात फिरवत जाळं घेतलं.

“आणि त्या बादलीतलाही एक द्या. वेगळा बांधा.”

परतीच्या फेरीला बस थांब्यावर आली तेव्हा तोच आवाज पुन्हा झाला, जरा कमी. वेंडेलचे हात शिकत होते. एतेल्काने पुढच्या चाकापाशी खुर्ची थांबवली. टायरची कूस राखाडी झाली होती, एके ठिकाणी रबराची पट्टी सोलून लोंबत होती. तिने बोट फिरवलं. बोट काळं झालं.

मधल्या दारातून आत येऊन ती सरळ पुढपर्यंत गेली. वाटेत ना पायरी होती ना उंचवटा. वेंडेलच्या मांडीवर तिने कागदाची पुडी ठेवली.

“हे काय?”

“उघड.”

त्याने कागद बाजूला केला. इंजिनियरने नाकाला रुमाल लावला.

“शिळा आहे,” वेंडेल म्हणाला.

“हो. होते त्यातला सगळ्यात वाईट. मी स्वतः निवडला.”

वेंडेलने त्या गढूळ डोळ्यांकडे पाहिलं. मग त्याने कागद पुन्हा नीट मिटला, पुडी काचेपाशी ठेवली, नाक शिंकरलं आणि दार लावलं. बस गुडघ्यावरून उठली. एतेल्काने मांडीवरची पिशवी आवळून धरली. आत काहीतरी जोरात शेपूट आपटत होतं.

तिच्या घरासमोरच्या थांब्यावर, फुटपाथच्या अगदी कडेला, कुणीतरी आपली मोटार लावून ठेवली होती. बस दगडापर्यंत न्यायला जागा नव्हती. वेंडेलने ब्रेक दाबला. मग त्याने खिडकी सरकवली, डोकं बाहेर काढलं, आणि समोरच्या छपरावरची कबुतरं उठली.